अम्मीचा पहिला विमानप्रवास

(पाठपरिचय : विमानाने फक्त परदेशी जायचे असते, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. या पाठातील लेखिका आपल्या आईला घेऊन विमानाने हैदराबादला गेली. तेथे त्यांनी काय पाहिले, काय ऐकले आणि घरच्या भाषेची ओळख त्यांना तेथे कशी पटली, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, उर्दूत आपण ज्याला हवाई जहाज म्हणतो, त्याला मराठीत 'विमान' म्हणतात. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावात हा शब्द दोनच वेळी ऐकू येई. एक तर कुणी हजला निघाले की, नाहीतर कुणी नोकरीसाठी आखाती देशात निघाले की. हजला जाणाऱ्यांच्या गळ्यात हार पडत. आखातात जाणाऱ्यांच्या घरी मात्र आदल्या रात्री कुणाला नीट झोप लागत नसे.

माझे अब्बा चौदा वर्षे दुबईत नोकरीला होते. दर दोन वर्षांनी ते सुट्टीवर येत. परत जाताना त्यांना पोचवायला आम्ही सगळे मुंबईला सहार विमानतळापर्यंत जात असू. अब्बा सामानाची गाडी ढकलत आत जात. ज्यांच्याजवळ तिकीट नाही, त्यांना आत जाता येत नसे. आम्ही कठड्याबाहेर उभे राहून हात हलवत असू. मी तेव्हा सात-आठ वर्षांची होते. अम्मी रडत नसे, पण घरी येईपर्यंत कुणाशी बोलतही नसे. अशा रीतीने अम्मीने विमानतळ पुष्कळ वेळा पाहिला होता. विमानात मात्र ती कधीच बसली नव्हती. "एकदा तुलाही विमानात बसवीन," असे अब्बा नेहमी म्हणत. ते राहून गेले. पुढे अब्बा कायमचे गावी परतले आणि काही वर्षांनी अल्लाला प्यारे झाले.

शाळेत नोकरी लागल्यावर मी दरमहा थोडे पैसे बाजूला ठेवू लागले. दिवाळीच्या सुट्टीत हैदराबादला जायचे ठरवले आणि तीन महिने आधीच तिकिटे काढली. आधी तिकीट काढले की भाडे बहुधा कमी पडते. अम्मीला सांगताच ती म्हणाली, "विमान? आणि हैदराबादला? अगं, विमानाने माणूस हजला जातो, दुबईला जातो. आपल्याच मुलखात जायला विमान कशाला? नको."

"अम्मी, रेल्वेने मुंबईहून हैदराबादला जायला बारा-पंधरा तास लागतात. तुझे गुडघे दुखतात. विमानाने दीड तासात पोचू," मी म्हणाले.

"नको," अम्मी पुन्हा म्हणाली. पण आठवीत शिकणारा माझा भाचा मदतीला धावला. "नानी, तू आली नाहीस तर खिडकीजवळ कोण बसणार?" असे त्याने विचारले. अम्मीला हसू आले आणि आमचे जाणे पक्के झाले.

विमानप्रवासाची तयारी रेल्वेपेक्षा थोडी वेगळी असते. मोठ्या बॅगेचे आणि हातातल्या पिशवीचे वजन ठरवून दिलेले असते. जास्त वजन झाले की जादा पैसे भरावे लागतात. चाकू, कात्री यांसारख्या धारदार वस्तू हातातल्या पिशवीत ठेवता येत नाहीत. अम्मीच्या पानाच्या डब्यात अडकित्ता होता. तो आम्ही घरीच काढून मोठ्या बॅगेत ठेवला. "सुपारी कातरायला अडकित्ता नाही, तर पान कसे खायचे?" अम्मीने विचारले. "दीड तास पानावाचून काढायचा," भाच्याने उत्तर दिले.

विमानतळाच्या दारातच केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानाने आमची तिकिटे आणि ओळखपत्रे पाहिली. सहारची जुनी इमारत आता नाही. त्याच जागी २०१४ साली नवी, भव्य इमारत सुरू झाली. परदेशी जाणारी विमाने तेथून सुटतात, तशीच देशातल्या शहरांना जाणारी काही विमानेही सुटतात. अम्मी दारापाशी क्षणभर थांबली. मागे वळून तिने बाहेर उभ्या असलेल्या लोकांकडे पाहिले. मग जवानाच्या हातून आपले ओळखपत्र परत घेऊन ती आत आली.

आत आम्ही मोठी बॅग दिली आणि 'बोर्डिंग पास' घेतला. त्यावर प्रवाशाचे नाव, विमानाचा क्रमांक, दाराचा क्रमांक आणि बसण्याची जागा लिहिलेली असते. वृद्ध व आजारी प्रवाशांनी आधी कळवले तर विमान कंपनी चाकांची खुर्ची देते. अम्मीने तीही "नको" म्हटली. पण दार किती लांब आहे हे पाहिल्यावर मुकाट्याने तिच्यात बसली. नंतर सुरक्षा तपासणी झाली. पिशव्या यंत्रातून गेल्या आणि आम्ही वाट पाहत बसलो.

बसल्या बसल्या भाच्याने विचारले, "खाला, आपल्या देशात पहिल्यांदा विमान कुणी चालवले?"

मी त्याला जे. आर. डी. टाटा यांची गोष्ट सांगितली. १९२९ साली भारतात विमान चालवण्याचा परवाना मिळवणारे ते पहिले भारतीय होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते एकटेच एका लहानशा विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे आले. त्या विमानात प्रवासी नव्हते, टपालाच्या थैल्या होत्या. भारतातील विमानसेवेची सुरुवात अशी पत्रांपासून झाली. मुलींनी आणखी एक नाव लक्षात ठेवावे. उर्दूच्या प्रसिद्ध कथालेखिका हिजाब इम्तियाज अली यांनी १९३६ साली विमान चालवण्याचा परवाना मिळवला होता. ज्या हातांनी कथा लिहिल्या, त्याच हातांनी विमानही चालवले!

आमची वेळ झाली. आम्ही विमानात जाऊन बसलो. खिडकीजवळ अम्मी, मध्ये भाचा आणि कडेला मी. हवाई सुंदरीने पट्टा कसा बांधावा, संकटाच्या वेळी बाहेर पडण्याची दारे कोठे आहेत, हे हातांच्या खुणांनी दाखवले. हवेचा दाब कमी झाला तर वरून प्राणवायूचा मुखवटा खाली येतो. तो आधी स्वतः लावावा, मग शेजारच्या मुलाला लावावा, असेही तिने सांगितले. "हे उलटे कसे?" अम्मीने विचारले. मी म्हणाले, "आपणच बेशुद्ध पडलो, तर मुलाला मदत कोण करील?" अम्मीने मान डोलावली.

विमान धावपट्टीवर आले. इंजिनांचा आवाज वाढला. विमान वेगाने धावू लागले आणि चाके जमिनीवरून कधी उचलली गेली हे कळलेही नाही. अम्मीने डोळे मिटून घेतले होते. तिचे ओठ हलत होते. ती दुआ पढत होती.

एवढे जड विमान हवेत कसे राहते? इंजिने विमानाला पुढे ढकलतात. पंखांचा आकार आणि त्यांचा किंचित वर उचललेला कल यांमुळे त्यांच्यावरून जाणारी हवा खालच्या दिशेने वळते. पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो व खालच्या बाजूला तो जास्त राहतो. या फरकामुळे विमान वर उचलले जाते. म्हणून विमानाला आधी वेगाने धावावे लागते.

"नानी, डोळे उघड! समुद्र!" भाचा ओरडला. मुंबईत विमाने बहुधा पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राच्या दिशेने झेपावतात. खाली जुहूचा किनारा आणि काड्यापेट्यांसारख्या इमारती दिसत होत्या. विमान समुद्रावर गेले आणि वळून पूर्वेकडे निघाले. कानात दडे बसले. विमान चढताना आणि उतरताना आतील हवेचा दाब बदलतो, म्हणून असे होते. मी अम्मीला आवंढा गिळायला सांगितले, तेव्हा तिचे कान मोकळे झाले.

थोड्याच वेळात सह्याद्रीच्या रांगा दिसू लागल्या. घाटाच्या अलीकडे हिरवे कोकण आणि पलीकडे पसरलेले दख्खनचे पठार! भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा कुणीतरी खाली अंथरून ठेवला आहे, असे वाटत होते. नद्या चांदीच्या तारांसारख्या चमकत होत्या. अम्मी बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "इतकी जमीन! आणि मी आपल्या गावापासून मुंबईपर्यंतचीच पाहिली."

हैदराबादचा विमानतळ शहराबाहेर शमशाबाद येथे आहे. तो २००८ साली सुरू झाला. सामान घेऊन आम्ही शहरात आलो आणि दुपारीच चारमिनार पाहायला गेलो. सुलतान मुहम्मद कुली कुतुबशाह याने १५९१ साली हैदराबाद शहर वसवले आणि त्याच्या मध्यभागी ही इमारत उभारली. चार दिशांना चार कमानी, चार कोपऱ्यांना चार मिनार आणि वरच्या मजल्यावर मशीद. हा सुलतान स्वतः कवी होता. ईद, वसंत ऋतू, पाऊस अशा साध्या विषयांवर त्याने दखनी भाषेत कविता लिहिल्या. तुमच्या उर्दूच्या इतिहासात त्याचे नाव मानाने घेतले जाते.

चारमिनारपासून लाड बाजार सुरू होतो. तेथे लाखेच्या बांगड्यांची दुकानेच दुकाने आहेत. अम्मी एका दुकानात भाव करत होती. एवढ्यात दुकानदार आपल्या नोकराला म्हणाला, "वो डब्बा नक्को, दूसरा ला." अम्मी चमकली. "काय म्हणाला तो? नक्को? हा तर आपला नको!"

दुकानदार हसून म्हणाला, "माल आज इच आया अम्मा, देखो तो."

"आणि हा 'इच' म्हणजे आपला 'च'!" भाचा म्हणाला. "आजच आला!"

मित्रांनो, भाच्याने अगदी बरोबर ओळखले. चौदाव्या शतकात दिल्लीकडचे पुष्कळ लोक दख्खनमध्ये येऊन राहिले. १३२७ साली मुहम्मद तुघलकाने आपली राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली, तेव्हा तर फारच मोठ्या संख्येने लोक इकडे आले. त्यांची भाषा मराठी, तेलुगू आणि कन्नड या भाषांच्या शेजारी वाढली. शेजारी जसे एकमेकांकडून साखर-मीठ घेतात, तसे या भाषांनी एकमेकींकडून शब्द घेतले. अशी दखनी घडली. मराठीतला 'नको' दखनीत 'नक्को' झाला आणि जोर देण्यासाठी वापरला जाणारा 'च' तेथे 'इच' झाला. मराठीनेही काही कमी घेतले नाही. बाजार, दुकान, दरवाजा, किल्ला, तारीख, परवाना, जमीन हे शब्द आज कोणता मराठी माणूस परके मानतो? मराठवाड्याचे जिल्हेही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते.

मी रोज वर्गात तुम्हाला मराठी शिकवते. "बाई, मराठी अवघड आहे, आपली नाही," असे कधी कधी कुणीतरी म्हणते. त्यांना मी आता लाड बाजारातला तो 'नक्को' ऐकवते.

दुसऱ्या दिवशी आम्ही सालारजंग संग्रहालय पाहिले. नवाब मीर युसुफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, यांनी जमवलेल्या वस्तू तेथे ठेवल्या आहेत. १९५१ साली पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते हे संग्रहालय खुले झाले. बेंझोनी या इटालियन शिल्पकाराने घडवलेली रिबेकाची मूर्ती तेथे आहे. मूर्ती संगमरवराची आहे, पण चेहऱ्यावरचा बुरखा इतका पातळ दिसतो की तो फुंकरीने हलेल असे वाटते. तेथल्या एका मोठ्या घड्याळात दर तासाला एक चिमुकला माणूस बाहेर येतो आणि टोले देऊन आत जातो. ते पाहायला लोक आधीच जागा धरून बसतात.

तिसऱ्या दिवशी गोवळकोंडा. हा कुतुबशाही सुलतानांचा किल्ला. या राज्यातल्या खाणींतले हिरे जगभर प्रसिद्ध होते. १६८७ साली औरंगजेबाने सुमारे आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर हा किल्ला जिंकला. किल्ल्याची एक गोष्ट मोठी नवलाची आहे. खाली प्रवेशद्वाराच्या घुमटाखाली ठरावीक जागी उभे राहून टाळी वाजवली, तर ती वर 'बाला हिसार' येथे ऐकू येते. शत्रू आल्याची सूचना वर पोचावी म्हणून बांधणाऱ्यांनी ही योजना केली, असे सांगतात. घुमटाच्या रचनेमुळे आवाज पसरून न जाता वरच्या दिशेने जातो.

पायऱ्या तीनशेहून जास्त होत्या. अम्मीच्या गुडघ्यांना ते झेपणारे नव्हते. ती म्हणाली, "तुम्ही जा. मी खालून टाळी वाजवते. तीन टाळ्या, मग थोडे थांबून एक. म्हणजे मीच आहे हे तुम्हाला कळेल."

आम्ही धापा टाकत वर पोचलो. वारा जोराचा होता. खाली पुष्कळ लोक टाळ्या वाजवत होते. भाचा कान देऊन उभा राहिला. थोड्या वेळाने स्पष्ट ऐकू आले. तीन टाळ्या, मग थोडे थांबून एक. "नानी!" तो ओरडला. त्याचा आवाज खाली पोचणार नव्हता, हे त्याला ठाऊक होते. तरी त्याने दोन्ही हात उंच करून हलवले. मीही हलवले.

परतीच्या प्रवासात अम्मीने आपणहून खिडकीची जागा मागितली. विमान आकाशात स्थिर झाल्यावर तिने विचारले, "आणखी कुठे कुठे जाते गं हे विमान?"

मी तिला सांगितले. ते तुम्हीही नकाशा उघडून पाहा. लडाखमधील लेह येथे विमान समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून जास्त उंचीवर उतरते. तेथे हवा विरळ असते, म्हणून पोचल्यावर एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी लागते. लक्षद्वीपमधील अगत्ती बेटाची धावपट्टी चिंचोळी आहे, तिच्या दोन्ही बाजूंना समुद्र आहे. केरळमधील कोची विमानतळ २०१५ साली संपूर्णपणे सूर्याच्या ऊर्जेवर चालू लागला. असा तो जगातील पहिला विमानतळ ठरला. अंदमानला जाणारा प्रवासी सेल्युलर जेल पाहतो आणि स्वातंत्र्यसैनिकांची आठवण करून मान खाली घालतो. लहान शहरांनाही विमाने जोडावीत म्हणून सरकारने 'उडान' योजना सुरू केली. त्या योजनेतील पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी सिमल्याहून दिल्लीला गेले. आमच्या कोकणातही ऑक्टोबर २०२१ मध्ये सिंधुदुर्गचा विमानतळ सुरू झाला.

अम्मीने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "ते राहू दे. मुरुडचा जंजिरा तू मला कधी दाखवणार? आपल्याच कोकणात आहे ना तो? तिथे तर होडीनेच जायचे असते."

अम्मीचे म्हणणे खरे होते. समुद्रातला सिद्दींचा तो किल्ला आमच्याच कोकण किनाऱ्यावर असून आम्ही तो पाहिला नव्हता. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या जिल्ह्यातला किल्ला, धरण, लेणे किंवा जुनी मशीद नीट पाहिली आहे? विमानाचे तिकीट प्रत्येकाला परवडेलच असे नाही. पण एसटीचे तिकीट काढून एका दिवसात जाऊन येता येईल, अशी जागा प्रत्येक गावाजवळ असते. पुढच्या सुट्टीत अशी एक जागा निवडा. जाताना घरातल्या अशा माणसाला बरोबर न्या, ज्याने आजवर सगळ्यांना फक्त पोचवले आहे. परत आल्यावर काय पाहिले ते मराठीत दहा ओळींत लिहून वर्गात वाचून दाखवा.

शब्दार्थ
आखाती देश – इराणच्या आखाताभोवतीचे अरब देश (खलीजी मुल्क)
कठडा – अडवण्यासाठी केलेला आडवा अडसर
अडकित्ता – सुपारी कातरण्याचे साधन (सरोता)
धावपट्टी – विमान जेथे धावते तो सरळ, लांब रस्ता
आवंढा गिळणे – तोंडात काही नसताना गिळण्याची क्रिया करणे
दडे बसणे – कान बंद झाल्यासारखे वाटणे
पठार – उंचावरचा सपाट प्रदेश
वेढा – चारी बाजूंनी घेरणे (मुहासरा)
चिंचोळा – अरुंद

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखिकेच्या गावात विमान हा शब्द कोणत्या दोन वेळी ऐकू येई?
(आ) १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जुहूला आलेल्या विमानात काय होते?
(इ) चारमिनार कोणी व कधी बांधला?
२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) विमान हवेत वर कसे उचलले जाते?
(आ) दखनी भाषा कशी घडली?
(इ) अम्मीने टाळ्यांची खूण का ठरवली?
३. कारणे द्या.
(अ) अम्मीचा अडकित्ता मोठ्या बॅगेत ठेवला.
(आ) लेहला पोचल्यावर विश्रांती घ्यावी लागते.
४. उर्दूत 'जहाज' हा शब्द पुल्लिंगी आहे. मराठीत 'विमान' हा शब्द नपुंसकलिंगी आहे : ते विमान, मोठे विमान. पाठातून आणखी चार नपुंसकलिंगी शब्द शोधून 'ते' लावून लिहा.
५. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द पाठातून शोधा. ते वापरून मराठीत वाक्ये तयार करा.
६. उपक्रम : भारताच्या नकाशात हैदराबाद, लेह, अगत्ती, कोची, सिमला आणि सिंधुदुर्ग ही ठिकाणे दाखवा. तुमच्या गावाहून हैदराबादला जाण्याचा मार्ग रेषेने काढा.